वॅटी क्रीकचा ठिय्या: वेव्ह हिल या चराऊ मुलखाचं प्रकरण

1967 साली ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेत, वॅटी क्रीक नावाच्या ओढ्याकाठी एक पाटी उभी राहिली. हा गुरिंजी लोकांचा खाणपट्टा आणि गुरांचं ठाणं आहे, असं तिच्यावर रंगानं लिहिलेलं. अक्षरं काढणारा होता दक्षिणेतून आलेला लेखक फ्रँक हार्डी. ज्यांच्या सांगण्यावरून ती काढली त्या गुरिंजी आदिवासींतल्या बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. कायद्याच्या लेखी त्या पाटीची किंमत शून्य. जमीन सरकारची, चराईचा पट्टा वेस्टी या ब्रिटिश कंपनीचा, आणि पाटी लावणारे त्याच कंपनीचे संपावर गेलेले गुराखी.

वेव्ह हिलचं प्रकरण सहसा 23 ऑगस्ट 1966 पासून सांगतात, कारण संप त्या दिवशी सुरू झाला. माझ्या मते ते फिरलं सात महिन्यांनी, माणसं नदीकाठचा तळ उचलून या ओढ्यावर आली तेव्हा. तोवर भांडण मजुरीचं होतं, ओढ्यावर ते जमिनीचं झालं. दुसरीकडे कुठे न जाता ती याच ओढ्यावर का आली, हे कळायला आधी तिथली माती आणि पाणी बघावं लागतं.

काळी माती, मोजकं पाणी

वेव्ह हिल नॉर्दर्न टेरिटरीत आहे. हा प्रदेश महाराष्ट्राच्या चौपटीहून मोठा आणि लोकसंख्या जेमतेम अडीच लाख. राजधानी डार्विनहून वेव्ह हिलला जायचं तर रस्त्यानं जवळपास मुंबई-नागपूरएवढं अंतर पडतं, आणि वाटेत कॅथरीन सोडलं तर गाव म्हणावं असं फारसं काही लागत नाही. आज तिथे कालकारिंजी आणि डागुरागु अशा दोन वस्त्या आहेत, आठेक किलोमीटरच्या अंतरानं. दोन्ही मिळून माणसं साडेपाचशेच्या आसपास. बाकी सगळी गुरं.

जमीन मात्र मराठी माणसाला पाहताक्षणी ओळखू येईल अशी. खाली बेसाल्ट, वर काळी माती. आपला दख्खनचा पठारी खडक साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तिथला त्याहून कितीतरी जुना, सुमारे 51 कोटी वर्षांपूर्वीचा. भूगर्भशास्त्रज्ञांनी त्या अख्ख्या लाव्हाक्षेत्राला नावच कालकारिंजी दिलं आहे. पाचशे वस्तीच्या गावाचं नाव असं लाखो चौरस किलोमीटर दगडाला मिळालंय. माती आपल्या रेगूरसारखीच वागते. पावसात गाडीचं चाक गिळते, उन्हाळ्यात हात आत जाईल एवढ्या भेगा पाडते. या काळ्या रानात मिचेल गवत येतं. ते ठोंबांनी वाढतं, मुळं खोल धरतं, आणि वाळून पांढरं पडलं तरी त्यातला कस बराच काळ टिकतो. गुरांचा धंदा उभा राहिला तो या वाळल्या गवताच्या जिवावर. दक्षिणेला सरकलं की काळी माती संपते, लाल वाळू आणि टोकदार स्पिनिफेक्स गवत सुरू होतं. तिथून पुढे टनामी वाळवंट.

पावसाचे महिने नोव्हेंबर ते एप्रिल. त्यात व्हिक्टोरिया नदी दुथडी भरून वाहते. उरलेलं वर्ष ती नदी म्हणजे सुटे सुटे डोह. गुरं पाण्यापासून फार लांब चरत नाहीत, त्यामुळे कुरण हजारो चौरस किलोमीटरचं असलं तरी कामाचं रान डोहांभोवतीच्या चकत्यांपुरतंच. या मुलखात ज्याच्या हाती डोह, त्याचंच रान.

आणि त्याच डोहांवर गुरिंजींची मासळी, कंद, शिकार, पूर्वजांच्या कथा आणि पूजेची ठिकाणं होती, हजारो वर्षांपासून.

पट्टा आला, शिधा आला

ऑगस्टस ग्रेगरीची शोधमोहीम 1855-56 मध्ये या नदीच्या खोऱ्यातून फिरली आणि चांगलं गवत असल्याची बातमी घेऊन परतली. 1883 मध्ये नॅट ब्यूकॅनन या आयरिश वंशाच्या गुरंवाल्यानं वेव्ह हिलचा पट्टा घेतला. हा माणूस हजारो गुरं अनोळखी मुलखातून हाकत नेण्यात तरबेज होता. पुढे 1886 मध्ये त्यानं इथून पूर्वेला न्यूकॅसल वॉटर्स या ठाण्यापर्यंत जाणारी मुरांजी वाट पाडली. काटेरी झाडोरा आणि पाण्याचा भरवसा नाही, अशी ती वाट. उन्हाळ्यात तिच्यावर कळपच्या कळप तहानेनं मेल्याच्या गोष्टी अजून सांगतात. सरकारनं तिथे बोअर मारले ते 1920 च्या दशकात.

गुरं डोहांवर आली की पाणी गढूळ होतं, काठ तुडवला जातो, कंद नाहीसे होतात. मग कुणीतरी गुराला भाला मारतं आणि बदल्यात बंदुका येतात. गुरिंजींच्या तोंडी इतिहासात त्या काळातल्या कत्तलींच्या जागा नावानिशी आहेत. वाचलेल्या माणसांना दोनच रस्ते उरले: वाळवंटाच्या कडेला उपाशी राहायचं, नाहीतर गोऱ्यांच्या ठाण्याजवळ झोपड्या टाकून शिध्यावर जगायचं. ठाण्यालाही माणसं हवीच होती. इतक्या लांब गोरा मजूर यायला राजी नसे, आणि आला तरी कुठल्या ओढ्याला कधी पाणी असतं हे त्याला कुठून कळणार?

1914 मध्ये वेस्टी बंधूंनी वेव्ह हिल घेतलं. लिव्हरपूलचं हे घराणं म्हणजे त्या काळच्या मांसव्यापारातली मोठी असामी. शीतगृहं त्यांची, जहाजं त्यांची, ब्रिटनमधली मांसाची दुकानंही त्यांची. डार्विनला त्यांनी मांसाचा मोठा कारखाना काढला. तो 1917 ला सुरू झाला आणि 1920 ला बंद पडला. कुरणं मात्र त्यांनी सोडली नाहीत.

1924 च्या पुरात नदीकाठचं जुनं ठाणं वाहून गेलं. नवं ठाणं नदीपासून लांब, कोरड्या रानात बांधलं. ती जागा जिनपराक. कारभाऱ्यांची घरं पुरापासून सुरक्षित झाली, पण आदिवासी तळावरच्या बायांच्या वाट्याला पाण्याच्या खेपा आल्या. तळ म्हणजे पत्रे, गोणपाट, फांद्या यांच्या वाकून शिरायच्या खोपट्या. मजुरी म्हणून पीठ, साखर, चहा, तंबाखू आणि मांसातला नको असलेला भाग. रोख पैसा बराच काळ नाहीच. पुढे आला तोही गोऱ्या गुराख्याच्या पगारापुढे चिल्लर. आपल्याकडच्या सालगड्याला निदान अक्षय तृतीयेला साल मोडता यायचं. इथे साल मोडून जाणार कुठे? सगळ्या दिशांना वेस्टी, नाहीतर वेस्टीसारखेच दुसरे.

ठाण्याची ही एकाकी जागा जगाला एकदाच दिसली, 1929 मध्ये. हरवलेल्या किंग्सफर्ड स्मिथ या विमानवीराला शोधायला निघालेलं ‘कूकाबरा’ विमान एलिस स्प्रिंग्जहून निघाल्यावर टनामीत उतरवावं लागलं, आणि कीथ अँडरसन व बॉब हिचकॉक हे दोघे विमानाजवळच तहानेनं मेले. त्यांच्यापर्यंत जमिनीवरून तुकडी पोचली ती वेव्ह हिलहून, घोड्यांवर, आदिवासी वाटाड्यांना पुढे घालून.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस कंपनीला मजुरांची चणचण भासू लागली. तळांवर मुलं कमी जन्मत होती आणि जन्मलेली फार जगत नव्हती. हे असं का, हे पाहायला कंपनीनं रोनाल्ड आणि कॅथरीन बर्न्ट या मानववंशशास्त्रज्ञ दांपत्याला नेमलं. अन्न, पाणी, निवारा, बायकांची विटंबना, सगळं त्यांनी पाहून लिहिलं. अहवालावर कारवाई झाली नाही, आणि तो पुस्तकरूपानं छापला गेला 1987 मध्ये. स्वतःच पैसे देऊन निदान करून घ्यायचं आणि कागद कपाटात ठेवायचा, ही रीत आपल्यालाही काही नवी नाही.

तीन वर्षं थांबा

1965 मध्ये कामगार संघटनेनं आदिवासी गुराख्यांना समान वेतन मिळावं म्हणून लवादाकडे अर्ज केला. मार्च 1966 मध्ये निकाल लागला: मागणी रास्त, पण अंमल 1 डिसेंबर 1968 पासून. मालकांना सावरायला वेळ हवा. मालकांच्या बाजूनं उभे राहिलेले वकील होते जॉन कर. हे नाव लक्षात असू द्या.

मे महिन्यात न्यूकॅसल वॉटर्सला पहिला संप झाला. वेव्ह हिलचा वडीलधारा गुराखी व्हिन्सेंट लिंगियारी त्या सुमारास दुखापत होऊन डार्विनच्या रुग्णालयात होता. तिथे त्याची गाठ संघटनेचा आदिवासी कार्यकर्ता डेक्स्टर डॅनियल्सशी पडली. परत आल्यावर 23 ऑगस्टला सुमारे दोनशे माणसं जिनपराक सोडून चालू लागली. गुराखी, स्वयंपाकघरातल्या आणि घरकामाच्या बाया, म्हातारेकोतारे, मुलं, कुत्री. बोजे डोक्यावर. मुक्काम टाकला वीसेक किलोमीटरवर, व्हिक्टोरियाच्या कोरड्या पात्राजवळ, सरकारी कल्याण केंद्राच्या शेजारी.

मोसम बघा. ऑगस्ट म्हणजे कोरड्या दिवसांतला गुरं गोळा करण्याचा ऐन हंगाम. वासरं डागायची, बैल वेगळे काढायचे, बाजाराचा माल हाकायचा, आणि हे सगळं करणारे हात निघून गेलेले. गुरिंजींना रान माहीत होतं, त्यांच्यावाचून कंपनीचं काम अडलं. एरवी त्यांना बांधून ठेवणारा एकांत आता कंपनीवर उलटला, कारण बदली मजूर आणायचे तरी कुठून? डार्विनहून ब्रायन मॅनिंगचा जुना बेडफर्ड ट्रक पीठ-साखर घेऊन खडबडीत रस्त्यानं येऊ लागला. सोबत डॅनियल्स आणि चित्रपट अभिनेता रॉबर्ट टुडावाली. तो ट्रक आज तिकडच्या सरकारी वारसायादीत आहे. आपल्या घाटांतही बेडफर्डनं बरीच वर्षं काढली, पण तिचा असा मान झालेला ऐकिवात नाही.

कंपनीनं मजुरी वाढवायची तयारी दाखवली. माणसं परतली नाहीत. इथे संघटनेचे लोकही जरा गोंधळले असावेत. त्यांच्या हिशोबात संप म्हणजे पगार. लिंगियारी आणि इतर वडीलधारे मात्र वेगळंच बोलत होते: हा मुलूख आमचा, वेस्टीचा कारभार आम्हाला नको, आमची गुरं आम्हीच राखू. पगाराची मागणी लवादाला समजत होती. ही मागणी नोंदवायला कुठल्याच कार्यालयात रकाना नव्हता.

ओढ्यावर का?

मार्च 1967 मध्ये, पावसाळा ओसरताना, तळ वॅटी क्रीकला हलला. गुरिंजींच्या भाषेत ती जागा डागुरागु. कारणं दोन, आणि मला दोन्ही सारख्याच वजनाची वाटतात. एक, तिथे पाणी होतं. कल्याण केंद्राच्या नळावर अवलंबून राहिलेला संप सरकारच्या मर्जीवर चालतो, स्वतःच्या पाणवठ्यावरचा चालत नाही. दोन, ती पूर्वजांची जागा होती, नात्याची आणि कथांची. सरकारी केंद्राशेजारी बसलेली माणसं म्हणजे संपकरी मजूर. डागुरागुला बसलेली माणसं म्हणजे वहिवाटदार. एकाही कागदाची मदत न घेता, फक्त आठेक किलोमीटर चालून त्यांनी दाव्याचं स्वरूप बदलून टाकलं. पट्टा वेस्टीचा असल्यामुळे कायद्यानं हे सरळसरळ अतिक्रमण होतं, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

मग ती पाटी लागली. गव्हर्नर जनरल लॉर्ड केसी यांना अर्ज गेला: 500 चौरस मैल, म्हणजे साधारण 1,295 चौरस किलोमीटर जमीन गुरिंजींच्या ताब्यात द्यावी, आम्ही ती सामाईक कसू. उत्तर नकाराचं आलं. त्याच वर्षी मे महिन्यात देशभर सार्वमत झालं आणि 90 टक्क्यांहून अधिक मतदारांनी आदिवासींसाठी कायदे करायचा अधिकार केंद्राला दिला. कौल एवढा मोठा, तरी ओढ्यावर काहीच हललं नाही. माणसं बसून राहिली. झोपड्यांची घरं झाली, कुंपणं पडली, मळा झाला. अधूनमधून वर्तमानपत्रवाले येत, विद्यार्थी येत, खासदार येत.

दरम्यान डिसेंबर 1968 उजाडला, समान वेतन लागू झालं, आणि प्रकरणातला सगळ्यात कडू भाग सुरू झाला. बरोबरीचा पगार द्यायचा तर एवढी माणसं कशाला, असं म्हणत उत्तरेतल्या कुरणमालकांनी आदिवासी कुटुंबंच्या कुटुंबं ठाण्यांवरून काढून लावली. कुंपणं वाढली, बोअर वाढले, पुढे गुरं गोळा करायला हेलिकॉप्टर आलं. पिढ्यान्‌पिढ्या घोड्यावर वाढलेले गुराखी गावांच्या कडेला येऊन बसले. नुसता पगार मागून थांबले असते तर गुरिंजींचंही हेच झालं असतं. वडीलधाऱ्यांना हा अर्थशास्त्राचा धडा कुणी शिकवला नव्हता. बहुधा त्यांनी एवढंच ओळखलं होतं की मालकानं दिलेलं काम त्याला काढूनही घेता येतं.

मूठभर माती

1972 मध्ये गफ व्हिटलम यांचं मजूर पक्षाचं सरकार आलं. वेस्टींशी वाटाघाटी होऊन 3,236 चौरस किलोमीटरचा तुकडा वेगळा काढला गेला. गोव्याहून थोडा लहान, मूळ मागणीच्या अडीचपट. 16 ऑगस्ट 1975 ला व्हिटलम स्वतः डागुरागुला आले, लिंगियारींच्या हाती कागद दिले, आणि खाली वाकून लाल माती उचलून त्यांच्या पसरलेल्या तळव्यावर ओतली.

त्या क्षणाचं छायाचित्र ऑस्ट्रेलियात शाळकरी पोरालाही माहीत असतं. ते काढलं मर्विन बिशप या आदिवासी छायाचित्रकारानं. मात्र ते मूळ क्षणाचं नाही. खरा समारंभ फांद्यांच्या मांडवाच्या सावलीत झाला, तिथे चित्र नीट येईना, म्हणून बिशपनं दोघांना उन्हात बाहेर बोलावून माती पुन्हा ओतायला लावली. पाठीमागे निळंशार आभाळ आहे ते त्यामुळे. लिंगियारींची नजर तेव्हा जवळजवळ गेलेली होती. तळवा मात्र अचूक पसरलेला दिसतो.

तीन महिनेही झाले नाहीत तोच, 11 नोव्हेंबर 1975 ला, गव्हर्नर जनरलनी व्हिटलमना पदावरून काढलं. ते गव्हर्नर जनरल होते सर जॉन कर, समान वेतनाच्या दाव्यात मालकांची बाजू लढवलेले तेच. त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध जोडायचं कारण नाही, पण योगायोग डोळ्यांत भरतो खरा.

छायाचित्रात न दिसणारी गोष्ट अशी की त्या दिवशी मिळाला तो पट्टा होता, मालकी नव्हती. वेस्टीकडे होता तसलाच चराईचा पट्टा. नॉर्दर्न टेरिटरीचा आदिवासी जमीन हक्क कायदा 1976 मध्ये झाला. त्याखाली दावा, सुनावणी, शिफारस असं करत डागुरागुची कायमची, विकता न येणारी मालकी गुरिंजींना मिळाली ती 1986 मध्ये. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव चढायला लागणारा वेळ पाहता हे फार वाटणार नाही, पण संपाला तेव्हा वीस वर्षं झाली होती. लिंगियारी 1988 च्या जानेवारीत वारले. त्यांना कागद बघायला मिळाला एवढं समाधान.

स्वतःच्या गुरांचा धंदा मात्र जमला नाही. गुरिंजींच्या कंपनीनं काही वर्षं कळप राखला, मग तो बसला. याचं खापर ‘यांना व्यवहार कळत नाही’ म्हणून फोडणारे तिकडेही पुष्कळ आहेत. पण भांडवल नाही, बाजार शेकडो किलोमीटरवर, त्यातच ऐंशीच्या दशकात क्षय आणि ब्रुसेलोसिस या गुरांच्या रोगांच्या निर्मूलनाच्या सरकारी मोहिमेत उत्तरेतल्या कळपांची मोठ्या प्रमाणावर तपासणी आणि कत्तल. वेस्टींसारखे स्वतःचं जहाज आणि स्वतःचं शीतगृह असलेले लोक जो धंदा गोऱ्यांपेक्षा कितीतरी कमी मजुरीवर चालवत आले, तो पूर्ण मजुरी देऊन लहान कळपावर फायद्यात चालेल, हे गृहीतच मुळात भाबडं होतं.

त्या कुरणांवरची गुरंही आता बदललीत. ब्यूकॅननच्या काळची शॉर्टहॉर्न जाऊन ऊन आणि गोचीड सोसणारी वशिंडाची ब्राह्मण जात आली. ती घडली अमेरिकेत, पण बीज आपल्याकडचं: गीर, कांकरेज, ओंगोल आणि कृष्णाकाठची गुरं.

काय उरलं

डागुरागुच्या बाहेरचं वेव्ह हिल अजून गुरांच्या कंपनीकडेच आहे. त्या पट्ट्यातल्या 5,000 चौरस किलोमीटरहून अधिक जमिनीवर गुरिंजी आणि शेजारच्या गटांचा मूळ हक्क फेडरल कोर्टानं मान्य केला तो सप्टेंबर 2020 मध्ये. म्हणजे शिकार करायची, कंद काढायचे, पूजेच्या जागी जायचं, आणि खाणवाले आले तर त्यांच्याशी बोलणी करायची. गुरांचा पट्टा चालूच. एकाच रानावर दोन हक्क, एक चरण्याचा आणि एक असण्याचा. बुडवलेल्या मजुरीचं प्रकरणही इतक्यातच तडीला गेलं: 1933 ते 1971 या काळात नॉर्दर्न टेरिटरीत राबलेल्या आदिवासींच्या वेतनासाठीच्या दाव्यात 2024 मध्ये केंद्र सरकारनं 20 कोटी डॉलरच्या आसपास तडजोड केली. राबलेल्यांपैकी बहुतेक तोवर गेलेले.

भाषाही मधल्या काळात बदलली. तळावर कामाचे हुकूम इंग्रजी मोडून झालेल्या क्रिओलमध्ये येत, घरात गुरिंजी चाले. पोरांनी दोन्ही कालवून तिसरीच भाषा केली. क्रियापदाची चौकट क्रिओलची, नामांचे प्रत्यय गुरिंजीचे. भाषावैज्ञानिक तिला गुरिंजी क्रिओल म्हणतात. जगात अशा खऱ्या मिश्र भाषा मोजक्याच आहेत. संपातल्या माणसांची नातवंडं आज हीच बोलतात.

जिनपराक ओसाड आहे. दर ऑगस्टला लोक संपाच्या वाटेवरून चालतात आणि बाहेरूनही पाहुणे येतात. मार्च 2023 मध्ये व्हिक्टोरिया नदीला मोठा पूर आला. कालकारिंजी आणि डागुरागुची घरं पाण्यात गेली, शेकडो माणसांना विमानांनी डार्विनला नेऊन छावणीत ठेवलं. शंभर वर्षांपूर्वी असाच पूर आला तेव्हा वेव्ह हिलच्या मालकांनी ठाणं उचलून कोरड्या रानात नेलं होतं. गुरिंजी पूर ओसरल्यावर परत आले, त्याच नदीकाठी आणि त्याच ओढ्यावर.